न मोजलेले काम: खाप्याचा माग, नागपूरची गिरणी आणि आयटी पार्क

ज्या कंपनीचा नफा नवी यंत्रणा इतरांच्या आधी आणण्यावर आणि ती चालवणारी माणसे पुरेशा संख्येने जमवण्यावर अवलंबून असतो, तिला तंत्रज्ञानाच्या बळावर वाढणारी कंपनी म्हणता येईल; आणि हा अर्थ घेतला, तर नागपूर जिल्ह्यातील अशी पहिली मोठी कंपनी संगणकाच्या कितीतरी आधीची ठरते. जमशेटजी टाटा यांनी १८७४ मध्ये १५ लाख रुपयांच्या भांडवलावर उभारलेल्या ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ची गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली, आणि त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आल्यामुळे तिला ‘एम्प्रेस मिल’ हे नाव मिळाले. आज त्याच शहराच्या मिहान प्रकल्पात टाटांच्याच टीसीएसचे केंद्र आहे, इन्फोसिस आणि एचसीएल यांचीही आहेत, आणि परसोडीच्या आयटी पार्कमध्ये पुण्यात १९९० साली आनंद देशपांडे यांनी सुरू केलेली पर्सिस्टंट सिस्टिम्स काम करते. गिरणीपासून संगणकापर्यंतच्या या काळात कामाचे स्वरूप किती बदलले हे ठरवायचे, तर तुलनेसाठी शहराबाहेर जावे लागते. नागपूरच्या उत्तरेला सावनेर तालुक्यात कन्हान नदीच्या काठी खापा हे विणकरांचे जुने गाव आहे, आणि तेथील हातमाग या तुलनेला उपयोगी पडतो.

कोष्टी विणकराच्या घरातला पारंपरिक माग खड्ड्यावर बसवलेला असतो. विणकर खड्ड्याच्या कडेला बसतो, पायांनी खालच्या पावड्या दाबून उभ्या धाग्यांचे दोन थर वेगळे करतो, त्यांच्यामधून धोटा फेकतो आणि फणीने आडवा धागा ठोकून बसवतो. पाहणाऱ्याला विणणे दिसते ते एवढेच. प्रत्यक्षात त्याच्या आधीचे काम त्याहून मोठे असते. उभे धागे, म्हणजे ताणा, मापाने लांबवावे लागतात, त्यांना खळ लावून ते ताठ करावे लागतात, आणि जुना ताणा संपत आला की नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला पीळ देऊन सांधावा लागतो. लुगड्याच्या पन्ह्यात असे हजारो धागे असतात. धोट्यात बसणाऱ्या कांड्या भरण्याचे काम बहुधा घरातील बायका आणि म्हाताऱ्या माणसांकडे असते. मजुरी मात्र नगावर मिळते, म्हणजे विणून झालेल्या लुगड्याची किंवा धोतराची, आणि ती विणकराच्या हातात पडते. कांडी भरणारीचा, खळ लावणाऱ्याचा, सांधणाऱ्याचा वेळ त्या मजुरीत कुठेतरी विरघळलेला असतो. त्याची वेगळी नोंद कोणी ठेवत नाही. त्याच्या बदल्यात एक गोष्ट विणकराकडे राहते, ती म्हणजे वेळ कधी आणि कसा खर्च करायचा याचा अधिकार. सण आला, लग्न निघाले, पावसाने ताणा सुकेना, तर माग थांबतो, आणि त्याबद्दल कोणाला अर्ज द्यावा लागत नाही. या स्वातंत्र्याचे फार कौतुक करू नये, कारण थांबलेल्या मागाची मजुरीही थांबते आणि सावकाराचे व्याज थांबत नाही.

एम्प्रेस मिलला माणसे मिळवायची होती ती अशाच सवयींच्या समाजातून. टाटांनी मुंबई सोडून नागपूर निवडले ते सरळ हिशेबाने: वऱ्हाड-नागपूरचा कापूस दारात होता, वरोऱ्याचा दगडी कोळसा जवळ होता आणि १८६७ पासून रेल्वे नागपूरपर्यंत आली होती. जुम्मा तलावाजवळची पाणथळ जमीन भरून काढण्यातच इतका पैसा गेला, की एका सावकाराने हा माणूस जमिनीत सोने पुरतो आहे असे म्हणून कर्ज नाकारल्याची आणि पुढे तेच शब्द उलटे फिरवून मागे घेतल्याची कथा टाटांच्या चरित्रांत येते. व्यवस्थापक म्हणून नेमलेले बेझनजी मेहता रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आले होते आणि त्यांना कापडधंद्याची माहिती नव्हती. तांत्रिक बाजू सांभाळायला लँकेशायरचे जेम्स ब्रुक्सबी होते. धंद्यातला माणूस न घेता वेळापत्रक आणि गर्दी हाताळण्याची सवय असलेला माणूस निवडणे हा जुगार वाटेल, पण गिरणीला पुढे आलेल्या अडचणी पाहता ती निवड अचूकच होती.

सुमारे ३०,००० चात्या आणि ४५० माग घेऊन गिरणी सुरू झाली, तेव्हा रोज साधारण पाचातला एक कामगार गैरहजर असे. व्यवस्थापनाच्या भाषेत हा आळस होता. कामगाराच्या बाजूने पाहिले तर गरजेपुरती मजुरी हाती आल्यावर उरलेले दिवस स्वतःकडे ठेवण्याची ती जुनी रीत होती, आणि खाप्याच्या मागावर तिला कोणी दोष दिला नसता. गिरणीत मात्र वाफेचे इंजिन एकदा पेटले की सगळ्या चात्या त्याच्याच जोरावर फिरतात. एका माणसाच्या खाड्यामुळे इंजिनाचा कोळसा वाचत नाही, फक्त सूत कमी निघते. म्हणून टाटा आणि मेहता यांनी दंडापेक्षा ओढ लावण्याचा मार्ग धरला: नियमित हजेरीसाठी समारंभपूर्वक बक्षिसे, १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी, १८९५ पासून कामावरील अपघाताची भरपाई. अपघात भरपाईचा कायदा देशात १९२३ मध्ये आणि भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ मध्ये आला, हे लक्षात घेतले तर या योजना किती आधीच्या होत्या ते कळते. त्यांत परोपकार नक्कीच होता. पण निवृत्तिवेतन वर्षानुवर्षे टिकणाऱ्यालाच मिळते, त्यामुळे त्या निधीचे दुसरे टोक हजेरीपुस्तकाला बांधलेले होते.

याच काळात गिरणीने यंत्रातही उडी घेतली. सूत कातण्याच्या जुन्या ‘म्यूल’ यंत्राची गाडी पुढे-मागे जाते, धागा ओढून त्याला पीळ देते आणि मग थांबून गुंडाळते. ते चालवायला मुरलेला कारागीर लागतो. ‘रिंग’ यंत्रात पीळ आणि गुंडाळणे एकाच वेळी, न थांबता होते, कारण धातूच्या कड्यावरून तारेचा एक बारीकसा तुकडा धाग्याला घेऊन गरगर फिरतो. इंग्लंडमध्ये या यंत्राकडे अजून साशंकतेने पाहिले जात असताना, १८८३ च्या सुमारास एम्प्रेसने ते आणून पाहिले आणि नंतर मोठ्या प्रमाणावर बसवले. उत्पादन वाढले, आणि यंत्रापाशी उभ्या माणसाचे काम वेगळेच झाले. त्याने सूत कातायचे नव्हते. ओळीने फिरणाऱ्या चात्यांवर नजर ठेवून धागा तुटला की क्षणात सांधायचा आणि भरलेल्या बॉबिनी उतरवून रिकाम्या चढवायच्या. सांधणे हे मागावरचेच कौशल्य, पण मागावर ते कामाच्या आधी बसून होत असे, इथे ते यंत्राच्या वेगाने, दिवसभर उभ्याने. हा दिवसही लांब होता: कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामाला १२ तासांची कायदेशीर मर्यादा १९११ च्या कायद्याने प्रथम आली. खुद्द खाप्याच्या मागावरही एव्हाना हाताने कातलेले सूत मागे पडून गिरणीचे सूत चढत होते. तेव्हा गावात राहणाऱ्या विणकराचेही गिरणीशी नाते जुळलेच होते, फक्त त्याला भोंगा ऐकू येत नव्हता.

आजच्या सॉफ्टवेअर कंपनीत हजेरीचा प्रश्न वेगळ्या नावाने उभा राहतो. येथे माणूस सकाळी न आल्याने फारसे अडत नाही. तो कंपनीच सोडून गेला तर अडते. वर्षभरात नोकरी सोडणाऱ्यांच्या प्रमाणाला ‘ॲट्रिशन’ म्हणतात, आणि जून २०२२ च्या तिमाहीत इन्फोसिसमध्ये ते २८.४ टक्क्यांवर गेले होते, तर टीसीएसमध्ये त्याच वर्षीच्या सप्टेंबरात २१.५ टक्क्यांवर. टीसीएसने २०२१-२२ या एका आर्थिक वर्षात निव्वळ १,०३,५४६ माणसे वाढवली, आणि २०२३-२४ मध्ये संख्या १३,२४९ ने घटली. वाढ म्हणजे सतत वर जाणारी रेघ, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. उपायही ओळखीचे वाटतात: हजेरीच्या बक्षिसांच्या जागी थांबण्याचा बोनस आला, निवृत्तिवेतनाच्या जागी काही वर्षे राहिल्यावरच हाती पडणारे शेअर, आणि जोडीला दोन-तीन महिन्यांचा नोटिसीचा काळ. गिरण्यांत जॉबर, म्हणजे कामगार भरणारा मुकादम, ओळखीची माणसे कामावर लावून त्यांच्याकडून पैसे घेत असे. आता ओळखीचा माणूस आणून दिला की कंपनीच कर्मचाऱ्याला पैसे देते, आणि ही मात्र निःसंशय सुधारणा आहे.

खाप्यासारख्या गावातून शिकून नागपूरच्या किंवा पुण्याच्या कंपनीत लागलेल्या मुलामुलींचा दिवस साधारण एका ठरीव चाकोरीतून जातो. सकाळी ‘स्टँड-अप’ नावाची छोटी बैठक होते, तिच्यात प्रत्येक जण काल काय केले, आज काय करणार आणि कुठे अडले ते सांगतो. काम ‘तिकिटां’त वाटलेले असते, तिकीट म्हणजे एका माणसाने काही दिवसांत पुरे करावे असा नोंदवलेला तुकडा. लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याने तपासल्याशिवाय मुख्य संग्रहात जात नाही, आणि या तपासणीला ‘रिव्ह्यू’ म्हणतात. ग्राहक अमेरिकेत असेल तर संध्याकाळी त्याची सकाळ सुरू होते आणि बैठका पुन्हा भरतात. दिवसाअखेरी किंवा आठवड्याअखेरी ‘टाइमशीट’ भरायची असते, म्हणजे कोणत्या ग्राहकाच्या कोणत्या कामावर किती तास गेले त्याचा तक्ता, कारण अशा सेवा देणाऱ्या कंपनीच्या उत्पन्नाचा बराच भाग या तासांच्या बिलातून येतो. ज्याला ग्राहकाचे काम नाही तो ‘बेंचवर’ असतो; पगार चालू, पण बिल नाही. जून २०२५ मध्ये टीसीएसने वर्षात किमान २२५ दिवस बिलाचे आणि जास्तीत जास्त ३५ दिवस बेंचचे असा नियम केला. गिरणीत हजेरी मोजली जात असे. येथे हजर माणसाच्या दिवसांचीही दोन भागांत वाटणी होते.

वाढत्या कंपनीत बिलाबाहेरचे काम फुगते, आणि त्याचे गणित अगदी साधे आहे. पाच जणांच्या गटात परस्परांशी बोलण्याच्या जोड्या १० होतात, पंधरा जणांच्या गटात १०५. रखडलेल्या कामावर आणखी माणसे नेमली तर ते अधिकच रखडते, असे निरीक्षण फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ च्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात मांडले, त्याच्या मुळाशी हेच आहे: नव्या माणसाला शिकवायला जुन्याच माणसाचा वेळ लागतो. जुना प्रोग्रॅम तसा का लिहिला, एखादी ओळ काढली तर काय बिघडते, कोणता ग्राहक कोणत्या शब्दाने भडकतो, हे कागदावर क्वचितच असते. ते दोन-तीन जुन्या जाणत्यांच्या डोक्यात असते, आणि कंपनी वेगाने वाढत असेल तेव्हा त्यांच्याच भोवती सतत नवे चेहरे असतात. अशा जाणत्याची तिकिटे मागे पडतात, कारण त्याचा दिवस दुसऱ्यांची अडलेली तिकिटे सोडवण्यात जातो, आणि वर्षाअखेरच्या मूल्यमापनात पुरी केलेली तिकिटे दिसतात, सोडवून दिलेली दिसत नाहीत. खाप्यात कांडी भरणारीचे काम नगाच्या मजुरीत जसे विरून जाते, तसेच हे विरते. फरक असा, की खाप्यात लुगडे विकले गेल्यावर पैसे त्याच घरात येतात.

आता प्रोग्रॅमचा मोठा भाग यंत्रच लिहून देऊ लागले आहे, आणि बसलेल्या माणसाचे काम लिहिण्याकडून पाहण्याकडे, तुटलेला धागा सांधण्याकडे सरकते आहे. कुठे तुटले हे ओळखायला मात्र आधी काही वर्षे स्वतः लिहिलेले असावे लागते, आणि तो सराव नवख्याला कोणी तरी शेजारी बसूनच द्यावा लागतो. टाइमशीटमध्ये अशा शिकवण्यासाठी रकाना बहुधा नसतो; तो तास कोणत्या तरी ग्राहकाच्या नावावर लिहिला जातो, नाहीतर रात्री जेवणानंतर घरून दिला जातो आणि कुठेच लिहिला जात नाही.