शब्दांविना हसवणारी चित्रे

दादासाहेब फाळके म्हटले की १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो. पण त्यांनी लोकांना हसवलेही होते. ‘मोहिनी भस्मासुर’ या त्यांच्या मूकपटाच्या जोडीला ‘पिठाचे पंजे’ हे छोटे विनोदी चित्र दाखवले जाई. १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची चिमुकली मुलगी मंदाकिनी बालकृष्ण झाली होती. तिच्या खोड्या आजही ताज्या वाटतात.

या विनोदाला भाषेची अडचण नाही. आमच्या गोंडपिपरीकडे मराठी, तेलुगू, गोंडी आणि उर्दू बोलणारी मुले शेजारी शेजारी बसतात. शब्दांवरचा विनोद केला की निम्मी हसतात, निम्मी तोंडाकडे पाहत राहतात. मूकपटात माणूस धडपडला की सगळी एकदमच हसतात. कुणाच्या बोलीची टर उडवायला तिथे जागाच नसते.

१९३१चा ‘जमाई बाबू’ हा बंगाली मूकपट पाहा. कालीपद दास यांनी तो दिग्दर्शित केला आणि त्यात कामही केले. खेड्यातला साधा जावई कलकत्त्यात येतो आणि त्या अफाट शहरात भांबावून जातो. आपण हसतो, पण त्याचा राग येत नाही. उलट जीव लागतो. शिकायला चंद्रपूर-नागपूरला जाणारी आपली मुलेही पहिले काही दिवस अशीच भांबावतात. गावाकडचे म्हणून कुणी हसले की मनातल्या मनात मिटून जातात.

त्याच काळात नूर मोहम्मद हे विनोदी नट पुढे आले. चार्ली चॅप्लिनवरच्या प्रेमापोटी त्यांनी ‘चार्ली’ हे नाव घेतले आणि पुढे बोलपटांतही लोकांना मनमुराद हसवले. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले.

दुर्दैवाने आपल्याकडचे बहुतेक मूकपट नष्ट झाले. तेव्हाची फिल्म चटकन पेट घेई, हवेने खराब होई. काहींनी तर त्यातली चांदी काढण्यासाठी ती विकून टाकली. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तिथे पी. के. नायर यांनी घरोघरी, गोदामांत हिंडून जे सापडले ते जपले.

असे काही मूकपट आज मोबाइलवरही पाहता येतात. सुट्टीच्या दिवशी दादीजानपासून धाकट्या नातवापर्यंत सगळ्यांनी मिळून एखादा पाहावा. वाचता न येणाऱ्या दादीलाही तो पुरता समजेल. हसून झाल्यावर मुलांना एवढेच विचारावे: तो जावई आपल्या दारात आला असता, तर आपण त्याच्याशी कसे वागलो असतो?