एमा डार्विनची भीती

धर्माबद्दलच्या शंका बायकोपासून लपव, असं वडिलांनी बजावूनही चार्ल्स डार्विनने लग्नाआधीच एमाला त्या सांगून टाकल्या. १८३९ मध्ये लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत तिने त्याला पत्र लिहिलं. मृत्यूनंतर आपली कायमची ताटातूट होईल, ही तिची भीती होती. श्रद्धा सुटलेल्या जोडीदाराला हे दुःख सहसा कळत नाही, तो युक्तिवाद करत बसतो. डार्विनने मात्र ते पत्र आयुष्यभर जपलं. एमा मुलांना घेऊन चर्चमध्ये जाई, तेव्हा तो पुढे पुढे बाहेरच फिरत राही. त्याच्या मृत्यूनंतर १८८७ मध्ये आत्मचरित्र छापताना धर्मावरचा काही कठोर मजकूर वगळला गेला. त्यातलं एक वाक्य खुद्द एमाच्या विनंतीवरून. नात नोरा बार्लोने १९५८ मध्ये तो सगळा मजकूर पुन्हा छापला.