गाडीतली मॅट आणि कुंभाराचं गाढव

(गोंदिया येथील व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

 

या मालिकेत आपण ‘कारण’ या कल्पनेचा विचार करतो आहोत. मागच्या वेळी न्यायदर्शनातली कारणाची व्याख्या पाहिली. तेव्हा श्रोत्यांतून एक प्रश्न आला होता, की घट, दंड, चक्र, कुंभार हे सगळं ठीक आहे, पण आजच्या जगण्यात याचा उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. म्हणून आज घट बाजूला ठेवू आणि गाडी घेऊ. गाडीतलीसुद्धा अगदी किरकोळ वस्तू घेऊ, पायाखालची मॅट.

आपल्या झाडीपट्टीत मॅटशिवाय गाडी चालत नाही. रोवणीच्या दिवसांत बांधीतून वर आलेला माणूस गाडीत बसला, की चिखल त्याच्याबरोबर आत येतो. मग कंपनीच्या कापडी मॅटवर आपण रबरी मॅट टाकतो, तिच्यावर दुकानदारानं आग्रहानं दिलेली आणखी एक जाड मॅट, आणि वर एखादं वर्तमानपत्र. गाडी स्वच्छ राहते. पण ड्रायव्हरच्या पायाशी तीन-चार थर साचतात आणि त्यातला वरचा एकही थर गाडीच्या तळाला पक्का बसवलेला नसतो.

आता एक घटना सांगतो. २८ ऑगस्ट २००९. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोजवळ सँटी नावाचं गाव आहे. महामार्ग पोलिसांतले एक अनुभवी अधिकारी त्या दिवशी ड्यूटीवर नव्हते. पत्नी, मुलगी आणि मेव्हणा यांना घेऊन ते निघाले होते. स्वतःची गाडी सर्व्हिसिंगला दिली होती म्हणून विक्रेत्यानं तात्पुरती दिलेली लेक्सस ईएस ३५० चालवत होते. गाडीचा वेग वाढत गेला तो कमी होईना. ताशी १६० किलोमीटरच्या वर गेला. मागे बसलेल्या मेव्हण्यानं फोनवरून मदत मागितली. पण काही क्षणांतच गाडी दुसऱ्या गाडीवर आदळून रस्त्याबाहेर गेली आणि चौघेही गेले. ज्यांचा व्यवसायच महामार्गावर गाडी चालवण्याचा होता, त्यांच्या बाबतीत हे घडलं, एवढं लक्षात ठेवा.

तपासात काय आढळलं? त्या गाडीत त्याच कंपनीच्या एका मोठ्या मॉडेलची जाड रबरी मॅट टाकलेली होती. ती मापाची नव्हती आणि हुकांत अडकवलेलीही नव्हती. ॲक्सिलरेटरचं पेडल तिच्यात अडकलं होतं. यानंतर टोयोटानं सुमारे ३८ लाख गाड्यांसाठी रिकॉल जाहीर केला. मालकांना सांगितलं गेलं, की ड्रायव्हरकडची मॅट आधी काढून टाका.

इथे आपलं शास्त्र सुरू होतं. नैयायिक म्हणतात, कार्याच्या आधी नियमानं असणारं आणि ‘अन्यथासिद्ध’ नसणारं ते कारण. अन्यथासिद्ध म्हणजे तिथे असलेलं, पण हिशोबात धरायची गरज नसलेलं. विश्वनाथांच्या ‘भाषापरिच्छेदा’त याची मासलेवाईक उदाहरणं आहेत. दंडाचा रंग, कुंभाराचा बाप आणि माती वाहून आणणारं गाढव. गाढव हजर होतं हे खरं. पण माती डोक्यावर आणली असती तरी घडा झालाच असता. म्हणून गाढव कारण नाही.

आता मॅट ही गाढव आहे की दंड? पहिलं उत्तर सोपं वाटतं. जगात हजारो अपघात मॅटशिवाय होतात, तेव्हा मॅट म्हणजे गाढवच. पण आपण कार्य कोणतं धरलं ते तपासून पाहू. ‘अपघात’ हे फार ढोबळ कार्य झालं. आपलं कार्य आहे ‘पाय उचलल्यावरही पेडल दाबलेलंच राहणं’. पेडलला स्प्रिंग असते. पाय उचलला की ते वर येतं, हा त्याचा स्वभावच. ते खाली राहायचं तर कुणीतरी धरून ठेवायला हवं. बहुतेक गाड्यांत पेडल वरून लोंबतं आणि पुढे-खाली वळण घेत जातं. ओव्हरटेक करताना आपण ते पूर्ण दाबतो, तेव्हा त्याचं खालचं टोक तळाच्या अगदी जवळ पोचतं. तिथे पुढे सरकलेल्या कडक मॅटची उभी कड असेल, तर टोक तिच्याखाली किंवा तिच्या खाचेत जाऊन बसतं. मऊ, पातळ, हुकात बसलेल्या मॅटनं हे सहसा होत नाही. तेव्हा या कार्यापुरती मॅट गाढव नाही, दंड आहे. दंडाचा रंग मात्र इथेही अन्यथासिद्धच. मॅटचा रंग, किंमत, तिच्यावरची नक्षी यांना या बाबतीत काही अर्थ नाही. माप, जाडी, कडकपणा आणि हुक, एवढंच पाहायचं.

पण एकट्या दंडानं घडा होत नाही. त्याला लागते ‘सामग्री’, म्हणजे सगळ्या कारणांचा एकत्र जमाव. सामग्री पूर्ण झाली की कार्य टळत नाही, आणि एक जरी घटक काढला तरी ते होत नाही. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात जे. एल. मॅकी यांनी १९६५ मध्ये जवळपास हीच गोष्ट घराला लागलेल्या आगीच्या उदाहरणानं मांडली. शॉर्ट सर्किट एकटं पुरत नाही. जवळ पेटणारं काहीतरी लागतं आणि आग विझवणारी यंत्रणा तिथे नसावी लागते.

हे ‘नसणं’ महत्त्वाचं आहे. नव्य-नैयायिकांनी ‘प्रतिबंधकाभाव’ही कारणांत धरला. अग्नी जाळतो, पण जवळ चंद्रकांत मणी असेल तर जाळत नाही, हे त्यांचं उदाहरण. म्हणजे जळण्यासाठी अग्नी हवा आणि मणी नसावाही लागतो. मीमांसकांना हे पटलं नाही. त्यांच्या मते मणी अग्नीची शक्तीच नाहीशी करतो. तो वाद आज बाजूला ठेवू.

सँटीच्या गाडीत कोणता मणी नव्हता? ब्रेक दाबताच ॲक्सिलरेटरला निष्प्रभ करणारी यंत्रणा नव्हती. चावीऐवजी बटण होतं आणि चालत्या गाडीत इंजिन बंद करायचं तर ते सुमारे तीन सेकंद दाबून धरावं लागे. उसनी गाडी चालवणाऱ्या माणसाला हे त्या घाईत कसं सुचावं? तिसरी गोष्ट ब्रेकची. पेट्रोल गाडीत ब्रेकला जोर मिळतो तो बहुधा इंजिनातल्या निर्वातातून. ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा असला की तो निर्वात कमी होतो. ब्रेक वारंवार मारला की साठलेला जोरही संपतो, मग पेडल दगडासारखं कडक होतं. पुढे कंपनीनं पेडलचा आकार आखूड केला आणि अनेक मॉडेलांत ब्रेकला वरचढ ठरवणारी यंत्रणा बसवली. म्हणजे मणी आणून ठेवला.

आणखी एक दुवा आहे. या घटनेच्या काही दिवस आधी हीच गाडी दुसऱ्या एका ग्राहकाला दिली होती. पेडल मॅटमध्ये अडकल्याचा अनुभव त्यालाही आला. तो वाचला आणि गाडी परत करताना त्यानं स्वागतकक्षात सांगितलंही. पण ते सांगणं गाडीपर्यंत पोचलं नाही. त्याच्याही आधी, २००७ मध्ये, कंपनीनं अशाच सुमारे ५५ हजार मॅट परत बोलावल्या होत्या. ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल २०१४ मध्ये कंपनीला अमेरिकी सरकारकडे १.२ अब्ज डॉलर भरावे लागले.

तरीही सगळं खापर मॅटवर फोडू नका. न्यायदर्शनात ‘तृणारणिमणिन्याय’ आहे. आग गवतातून पेटते, अरणीतून पेटते, सूर्यकांत मण्यातूनही पेटते. कार्य एका जातीचं दिसलं तरी कारणं वेगळी असू शकतात. १९८० च्या दशकात ऑडी ५००० या गाडीवर आपोआप धावल्याचे आरोप झाले. १९८९ मध्ये अमेरिकी सरकारी अभ्यासानं त्यातल्या बहुतेक घटना चुकीच्या पेडलवर पाय पडल्याच्या ठरवल्या. टोयोटाच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेची तपासणी नासाच्या अभियंत्यांनी केली. फेब्रुवारी २०११ च्या अहवालात त्यांना तसा दोष आढळला नाही. तरी ऑक्टोबर २०१३ मध्ये ओक्लाहोमातल्या ज्यूरीनं एका अपघातात त्याच यंत्रणेला जबाबदार धरलं. म्हणून प्रत्येक घटनेचं कारण त्या त्या घटनेतच शोधावं लागतं.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या बहुतेक गाड्यांत आजवर तीन पेडल होती. ॲक्सिलरेटर अडकला तरी क्लच दाबला की इंजिन आणि चाकं वेगळी. इंजिन कितीही गर्जलं तरी गाडी पुढे ढकलली जात नाही. क्लच हा आपला चंद्रकांत मणी होता आणि तो पायाखाली असल्याचं आपल्याला भानही नव्हतं. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर स्वस्त एएमटी गाडी आली. गुडघे दुखणाऱ्या आमच्या पिढीनं तिचं मनापासून स्वागत केलं. पण तीन पेडलची दोन झाली. मॅटचे थर मात्र तेवढेच राहिले.

पायाच्या सवयीचा प्रश्न किती भीषण होऊ शकतो याकडे मुंबईनं आपलं लक्ष वेधलं. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्याला बेस्टच्या सेवेतली इलेक्ट्रिक बस गर्दीत शिरली. सात जण दगावले, पुढे तो आकडा वाढला, चाळीसहून अधिक जखमी झाले. तिथे मॅटचा संबंध नव्हता. ब्रेक चालू स्थितीत असल्याचं आणि चालकाला क्लच नसलेल्या मोठ्या बसचं प्रशिक्षण जेमतेम मिळाल्याचं बातम्यांत आलं. दोष कुणाचा हे न्यायालय ठरवील. आपण सामग्री पाहायची. वर्षानुवर्षांची सवय, नवं यंत्र, अपुरा सराव, रस्त्यावरची गर्दी. यातला कोणता घटक आधीच काढता आला असता?

एक चिठ्ठी आली आहे: ‘मग दोषी कुणीच नाही का?’ चांगला प्रश्न. दोष आणि कारण हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोषाचा प्रश्न विचारला की आपण एका माणसापाशी थांबतो. ‘ड्रायव्हरची चूक’ म्हटलं की फाईल बंद. कारणाचा प्रश्न तिथे थांबू देत नाही. दोषी असतील त्यांना शिक्षा व्हावीच. पण शिक्षेनं मॅट हुकात बसत नाही. सँटीच्या स्वागतकक्षात बसलेल्या माणसानं एक निरोप पुढे दिला असता तर सामग्री तुटली असती, आणि ते करायला कुणाला दोषी ठरवण्याची गरज नव्हती.

दुसरी चिठ्ठी: ‘आम्ही नेमकं काय करायचं?’ सांगतो, आणि आज हेच घरी घेऊन जा.

ड्रायव्हरच्या बाजूला एकच मॅट ठेवा, त्याच गाडीच्या मापाची आणि हुकात बसलेली. जुनी काढल्याशिवाय नवी टाकू नका. गाडी धुऊन आली, सर्व्हिसिंगहून आली, की चावी फिरवायच्या आधी हुक पाहा. धुणारी मुलं मॅट वाळवून नुसती आत टाकतात. मग इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटर हातानं पूर्ण दाबा आणि सोडा. कुठे घासतो का, अडतो का, पाहा. पाण्याची बाटली आणि काढलेली चप्पल ड्रायव्हरच्या पायाशी नको.

आणि चालत्या गाडीत पेडल अडकलंच, तर वाकून मॅट ओढायला जाऊ नका. ब्रेक एकदाच, पूर्ण जोरानं दाबा आणि दाबून धरा, पंपासारखा मारू नका. क्लच असेल तर तो दाबा, नसेल तर गिअर न्यूट्रलला घ्या. इंजिन मोठ्यानं ओरडेल, ओरडू द्या. गाडी कडेला घेऊन थांबवा आणि मगच इंजिन बंद करा. चालत्या गाडीची चावी काढाल तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

हे घरात जो कुणी गाडी चालवतो त्याला सांगा, आणि गाडी उभी असताना एकदा न्यूट्रलला घ्यायला लावा. ऐन वेळी आठवावं लागेल, असं काही शिल्लक ठेवू नका. पुढच्या वेळी आपण कर्म आणि जबाबदारी हा विषय घेऊ.