सतरंजी रोज उलगडायची कशी?

ओपीडीत रक्तदाबाचा, शुगरचा किंवा पाठदुखीचा पेशंट समोर बसला की केस पेपरवर लिहिता लिहिता मी विचारते, ‘‘काही व्यायाम, योगासनं वगैरे?’’ या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळा मिळणारं उत्तर ‘नाही’ हे नसतं. ते असतं, ‘‘करत होतो, मॅडम.’’ कुणी लॉकडाउनमध्ये करत होतं, कुणी मुलीच्या लग्नाआधी, तर कुणी सोसायटीत शिबिर चालू होतं तोवर. योग चांगला आहे हे पटवायला आता डॉक्टरची गरज उरलेली नाही. लोकांना पटलेलं आहे, सुरुवातही बहुतेकांनी एकदा तरी केलेली आहे. गाडी अडते ती पुढे.

संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१४ मध्ये ठराव केला आणि २०१५ पासून २१ जूनला योग दिन साजरा होऊ लागला. आमच्या रुग्णालयाच्या आवारातही त्या सकाळी सतरंज्या अंथरल्या जातात, फोटो निघतात. त्याची चेष्टा करायची नाही, कारण काही जणांची सुरुवात तिथूनच होते. पण २२ जूनला सतरंज्या स्टोअरमध्ये परत जातात आणि आम्ही सगळे चहाच्या टपरीवर.

यात मीही होतेच. चाळिशीत मी तीनदा योगासनं सुरू केली आणि तीनदा सोडली. प्रत्येक वेळी बेत एकच. पहाटे पाचला उठायचं, बारा सूर्यनमस्कार घालायचे, मग आसनं, मग प्राणायाम, असा पुरा एक तास. रात्री इमर्जन्सीला बोलावणं आलं की पाचला उठणं जमायचं नाही. एक दिवस बुडायचा, मग दुसरा. मग ‘सोमवारपासून’, मग ‘एक तारखेपासून’, मग थेट ‘पाडव्यापासून’. पन्नाशीच्या उंबरठ्यावर एकदा राउंड संपल्यावर डोकं जड वाटलं म्हणून सिस्टरला पट्टा बांधायला सांगितलं. १५०/९६. ‘‘मॅडम, तुमचाही केस पेपर काढू का?’’ असं तिनं विचारलं, तेव्हा वॉर्डातल्या मावशीसुद्धा हसल्या. एका मोजणीवर निदान करायचं नसतं, म्हणून पुढच्या आठवडाभर मोजलं. आकडा फारसा हलला नाही. गोळी सुरू झाली आणि चौथ्यांदा योगासनंही सुरू झाली.

या वेळी मी फक्त दहा मिनिटं ठरवली. घड्याळातली वेळ मात्र ठरवली नाही. दात घासून झाले की चहाचं आधण ठेवण्याआधी सतरंजीवर बसायचं, एवढाच नियम. मग सकाळ पाचची असो की साडेसातची. माझ्यासारख्या चहाबाज बाईला हा नियम मोडणं अवघड गेलं, कारण चहा तर रोज लागतोच.

याला शास्त्राचाही आधार आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला. प्रत्येकानं खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एक साधी गोष्ट निवडायची आणि ती रोज ठरावीक प्रसंगाला जोडून करायची, जसं नाश्ता झाल्यावर. बारा आठवडे नोंदी घेतल्या. ती गोष्ट आपोआप होऊ लागायला लागलेल्या दिवसांचा मध्य आला ६६. पण फरक प्रचंड होता. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला गणिती अंदाजानुसार २५४ लागले असते. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागली, व्यायामाची उशिरा. २१ दिवसांत सवय लागते, असं आपण सगळीकडे ऐकतो. त्याचं मूळ १९६० सालच्या एका प्लास्टिक सर्जनच्या पुस्तकात आहे आणि तो त्याचा अनुभव होता, प्रयोग नव्हे. बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर स्वतःला दोष देऊ नका.

त्याच अभ्यासातली मला सगळ्यात उपयोगी वाटलेली गोष्ट अशी, की एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही. माझं घात करत होतं ते नंतरचं ‘आता पाडव्यापासून’. पाहुणे आले, ताप आला, ड्युटी लागली, तर दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं का होईना, बसावं. पतंजलींनीही अभ्यास दीर्घकाळ आणि खंड न पाडता करायला सांगितलं आहे. पण अडथळ्यांच्या यादीत व्याधी, संशय आणि आळस यांचाही समावेश करून ठेवला आहे. म्हणजे ही अडचण मोबाइलच्या काळातली नाही.

‘‘पण आमचं कुठलंच वेळापत्रक नाही,’’ असं म्हणणाऱ्यांसाठी मी एका एसटी चालकाचं उदाहरण देते. पंचेचाळिशीचा माणूस, वर्षभराची पाठदुखी. कधी पहाटेची फेरी, कधी मुक्कामी गाडी. आधी मी त्याला नीट तपासलं. पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवीवरचा ताबा जाणं, ताप, वजन उतरणं यांपैकी काही असेल तर आसनांचा विषय नंतर. त्याला तसं काही नव्हतं. अशा जुनाट पाठदुखीत गोळ्यांच्या आधी जे उपाय करून पाहावेत, त्यांत अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१७ मध्ये योगाचाही समावेश केला आहे. वेळ ठरवता येत नव्हती म्हणून आम्ही खुंटी शोधली. अंगातली खाकी उतरवली की आधी दहा मिनिटं, मग जेवण. मुक्कामाच्या गावात सतरंजी नसली तर उभ्यानं ताडासन, कटिचक्रासन आणि गाडीला दोन्ही हात टेकून कमरेतून हळूच पुढे झुकणं. घरी असेल तेव्हा जमिनीवर पवनमुक्तासन आणि शेवटी शवासन. भिंत, खुर्ची, पट्टा यांचा आधार घेणं कमीपणाचं नाही, पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी त्याचीच पद्धत घडवली.

घरच्या बायकांची खुंटी वेगळी असते. मुलांची रिक्षा गेली की, किंवा दुपारची झाकपाक करण्याआधी. त्यांना मी आणखी एक गोष्ट सांगते, की घरच्यांना आधी सांगून ठेवा. देवपूजेला बसलेल्या बाईला कुणी हाक मारत नाही, पण सतरंजीवरच्या बाईला ‘माझा टॉवेल कुठे’ हे विचारलंच जातं.

आता दहा-पंधरा मिनिटांत काय मिळतं? श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आणला, की मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्यांमधले दाब ओळखणारे संवेदक जास्त चांगलं काम करतात. नाडी शांत होते, रक्तदाब थोडा उतरतो. अशा गोष्टी मोजून पाहण्याची सुरुवातही आपल्याकडचीच. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि आसनं, प्राणायाम प्रयोगशाळेत तपासायला घेतले. मात्र दहा मिनिटांची हलकी आसनं चालण्याची जागा घेत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. तेवढं भरभर चालणं वेगळं करायलाच हवं.

आणि ‘थोडा उतरतो’ मधला ‘थोडा’ महत्त्वाचा. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षिका आमच्याकडे दाखल झाल्या. त्यांचा उजवा हात आणि पाय गेला होता, तोंड वाकडं झालं होतं. दाब २२०/१२०. मुलगा सांगत होता, आई रोज तास तास प्राणायाम करायची, एक दिवस चुकवला नाही. शिबिरात कुणीतरी सांगितलं, आता गोळ्यांची गरज नाही, म्हणून सहा महिन्यांपूर्वी बंद केल्या होत्या. त्या बाईंइतकी पक्की सवय मी फार कमी लोकांत पाहिली आहे. योगानं दाब काही अंकांनी उतरतो. त्यांना गरज त्याहून कितीतरी जास्त उतरण्याची होती. गोळीचा डोस कधीकधी कमी करता येतो, पण तो मोजून आणि डॉक्टरांनी. माझी गोळी आजही चालू आहे.

काही जणांनी आसनं निवडून करावीत. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं नकोत, डोळ्यातला दाब वाढतो. हाडं ठिसूळ झालेल्या बायकांनी पश्चिमोत्तानासनासारखं पाठ गोल करून पुढे वाकणं टाळावं. मणका दबून मोडल्याच्या केसेस येतात. ताब्यात नसलेला रक्तदाब, हर्निया, पोटाचं अलीकडचं ऑपरेशन किंवा गरोदरपण असेल तर कपालभाती नको. इन्शुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी दमछाक होईल असं काही करू नये आणि साखर जवळ ठेवावी. भरपेट जेवणानंतर सगळ्यांनीच तीनेक तास थांबावं.

तो एसटी चालक मागच्या महिन्यात आईला दाखवायला आला होता. पाठ अजून अधूनमधून दुखते म्हणाला, पण सुट्टी टाकावी लागत नाही. मुक्कामाच्या गावात आता कंडक्टरही त्याच्यासोबत गाडीला हात टेकून उभा राहतो. ‘‘त्याला हर्निया आहे मॅडम, ऑपरेशन करून घेत नाही. मोबाइलवर बघून कपालभाती करतो. चालतं का?’’ मी म्हटलं, ताडासन चालेल, कपालभाती आजपासून बंद, आणि मंगळवारी सर्जरीची ओपीडी असते, त्याला सोबत घेऊनच या.