विश्लेषण : चार एकरांचे मैदान आणि खेड्यातला धावपटू… पनवेलच्या महाविद्यालयाची गोष्ट काय सांगते?

पनवेल परिसरात पहाटे सेवा रस्त्यांवर धावणारी मुले-मुली दिसतात. कुणी पोलीस भरतीसाठी धावतो, कुणी सैन्यासाठी, तर एखादी मुलगी महाविद्यालयाच्या संघात जागा मिळावी म्हणून. शेजारून डंपर जात असतात. तालुक्यात विमानतळ आला, महामार्ग आले, उंच इमारती आल्या; पण धावण्यासाठी मोकळी जागा शोधावी लागते. अशा वेळी गावाजवळच्या महाविद्यालयाचे मैदान ही अनेकांची एकमेव आशा ठरते. हे महाविद्यालय आले कसे, त्याच्या मैदानावर काय घडते आणि काय अडते, याचा हा आढावा.

महाविद्यालय सुरू झाले तेव्हा पनवेल कसे होते?

पनवेलचे महात्मा फुले महाविद्यालय रयत शिक्षण संस्थेने १९७० मध्ये सुरू केले. त्या वेळी जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. ‘रायगड’ हे नाव १९८१ मध्ये मिळाले. पनवेलची नगरपालिका १८५२ पासूनची, पण भोवतालचा तालुका भातशेती, मिठागरे आणि मासेमारीवर जगणारा. कर्नाळा आणि माथेरानच्या पायथ्याला कातकरी आणि ठाकूर समाजाच्या वाड्या. वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये झाला. म्हणजे महाविद्यालय सुरू झाले तेव्हा मुंबईत शिकायला जायचे, तर ठाण्याचा वळसा घ्यावा लागे. शेतकऱ्याच्या आणि मिठागर मजुराच्या मुलांना, त्यातही मुलींना, ते परवडणारे नव्हते. त्यांच्यासाठी पदवीचे शिक्षण घरापासून एसटीच्या अंतरावर आले, हा या महाविद्यालयाचा पहिला अर्थ.

योगायोग असा, की त्याच वर्षी, १७ मार्च १९७० रोजी, ‘सिडको’ची स्थापना झाली. पनवेल, उरण आणि ठाणे या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी निश्चित झाल्या. एका हाताने महाविद्यालय मिळाले, दुसऱ्या हाताने जमीन गेली. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण गमावले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना या लढ्यातूनच पुढे आली.

‘रयत’च्या परंपरेचा खेळाशी काय संबंध?

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे तिचे बोधवाक्य. वसतिगृहातील मुलांनी स्वतः राबायचे, त्या कष्टातून शिकायचे, ही पद्धत १९४७ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ म्हणून उच्च शिक्षणातही आली. अंगमेहनतीला कमी न लेखणाऱ्या या वातावरणात शरीर कमावणे हा अभ्यासाचा शत्रू मानला गेला नाही.

पण याच परंपरेत एक पेचही आहे. धावपटूच्या सरावाची वेळ सकाळची आणि संध्याकाळची. गरीब विद्यार्थ्याच्या कामाची वेळही बहुधा तीच. तळोजा औद्योगिक वसाहतीत किंवा गोदामात पाळीवर जाणारा मुलगा दुपारी वर्गात बसतो आणि सराव बुडवतो. कमवा, शिका आणि खेळा, या तिन्हीला दिवसाचे तास पुरत नाहीत. त्यातले पहिले गळते ते खेळणे.

रायगडात कबड्डी गावोगाव, मग धावपटू कमी का?

याचे उत्तर मोजपट्टीत आहे. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, महिलांचे १२ बाय ८ मीटर. देवळासमोरच्या अंगणात किंवा भात काढल्यावर मोकळ्या झालेल्या खाचरात ते सहज बसते. चुन्याची फक्की, दोन संघ आणि एक शिट्टी, की सामना सुरू.

याउलट ४०० मीटरच्या आठ पदरी प्रमाणित धावपट्टीला सुमारे १७७ मीटर लांबी आणि ९३ मीटर रुंदी लागते, म्हणजे साधारण चार एकर. ज्या तालुक्यात गुंठ्यांवर व्यवहार होतात, तिथे चार एकर सलग, सपाट आणि मोकळी जागा ठेवणे सोपे नाही. विमानतळासाठी दहा गावे हलली. त्यांच्यासोबत गावांची मोकळी मैदानेही गेली.

लहान मैदानावर सराव केला तर काय बिघडते?

अनेक लहान महाविद्यालयांत मैदानाभोवती २०० मीटरचीच फेरी बसते. ४०० मीटरची शर्यत प्रमाणित धावपट्टीवर दोन वळणांत संपते. २०० मीटरच्या फेरीवर तेवढ्याच अंतरात चार वळणे येतात आणि तीही तीव्र. वळणावर वेग कमी करावा लागतो, आतल्या पायावर ताण वाढतो. सरळ रेषेत पूर्ण वेगाने धावण्याची सवय होत नाही. शिवाय प्रत्येकाने आपापल्या पट्टीत धावायच्या शर्यतीत बाहेरच्या पट्टीचा धावपटू पुढून सुटतो. दुसऱ्या पट्टीला ४०० मीटरमध्ये सात मीटरहून थोडी अधिक आघाडी असते, आठव्या पट्टीला सुमारे ५३ मीटर. हे गणित मातीच्या फेरीवर कधी अनुभवलेच नसेल, तर पहिल्या मोठ्या स्पर्धेत खेळाडू गोंधळतो. गुणवत्ता असूनही वेळ खराब येते.

पावसाचा मुद्दा वेगळाच. रायगडात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर मातीचे मैदान चिखलात असते. प्रवेश त्याच काळात होतात, पाठोपाठ सत्र परीक्षा येते. नव्या विद्यार्थ्याला स्पर्धांपूर्वी जेमतेम काही आठवडे मिळतात.

महाविद्यालयातून पुढची वाट कशी जाते?

पहिली पायरी महाविद्यालयाचा संघ. दुसरी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. मुंबई विद्यापीठाचे क्षेत्र मुंबई शहरापासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांचे. म्हणजे वाडीवरचा मुलगा थेट मुंबईतील नामांकित महाविद्यालयांच्या खेळाडूंसमोर उभा राहतो. तिथून विद्यापीठाचा संघ, मग भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा. त्यांची वयोमर्यादा १७ ते २५ वर्षे. पुढची पायरी २०२० मध्ये भुवनेश्वर येथून सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांची.

या साऱ्या प्रवासाची सुरुवात महाविद्यालयाच्या जिमखाना निधीतून होते. तो विद्यार्थ्यांच्या शुल्कातून जमतो. विद्यार्थी कमी, तर निधी कमी; पण मुंबईचे प्रवासभाडे, बूट आणि आहार यांचा खर्च कमी होत नाही. सगळ्या खेळांसाठी बहुधा एकच शारीरिक शिक्षण संचालक असतो. ते पद रिक्त राहिले, की प्रवेशिका भरायलाही कोणी उरत नाही.

मदतीशिवाय गुणवत्ता पुढे जाते का?

महाराष्ट्राचा अनुभव सांगतो की कोणीतरी पाठीशी उभे राहावे लागते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जाऊ शकले, त्यात कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेल्या खर्डेकरांचा मोठा वाटा होता. त्यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. ही गोष्ट अभिमानाची आहे. पण खेळाडूसाठी प्राचार्याला घर गहाण ठेवावे लागणे ही काही व्यवस्था नव्हे.

बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळेला वाट मिळाली ती सैन्यात. बारावीनंतर तो भरती झाला, तिथे धावपटू म्हणून घडला आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचे रौप्यपदक जिंकला. मुलींना ही वाट तितकी मोकळी नाही. त्यांच्यासाठी महाविद्यालयाच्या मैदानाचे मोल म्हणूनच अधिक.

पदक नाही मिळाले, तर मैदानाचा उपयोग काय?

बहुसंख्यांसाठी हाच खरा प्रश्न. पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. मुलांचा गोळा ७.२६ किलोचा, मुलींचा चार किलोचा. ही तयारी खासगी अकादमीत पैसे भरून करता येते, नाहीतर महाविद्यालयाच्या मैदानावर. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. मात्र त्यासाठी ठरवून दिलेल्या स्पर्धांतील कामगिरी आणि प्रमाणपत्राची पडताळणी लागते. साताऱ्याच्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली आणि नंतर राज्याच्या महसूल सेवेत दाखल झाली. धावणे हेही पोटापाण्याचे साधन होऊ शकते, हे तिने दाखवले.

आता काय करता येईल?

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासपूरक विषयांत खेळाला श्रेयांक मिळू लागले आहेत. त्यामुळे सरावाचे तास वेळापत्रकात बसवणे शक्य आहे. ‘कमवा आणि शिका’ योजनेत मैदानाची निगा, पट्ट्या आखणे, साहित्य सांभाळणे ही कामे धरली, तर खेळाडूला कमाईसाठी मैदान सोडावे लागणार नाही. शेजारच्या दोन-तीन महाविद्यालयांना मिळून एक मोठे मैदान आणि एक प्रशिक्षक ठेवता येईल. महापालिका आणि सिडको यांच्या ताब्यातील राखीव भूखंडांपैकी चार एकर सलग जागा धावपट्टीसाठी मिळाली, तर अख्ख्या तालुक्याचा प्रश्न सुटेल. शहर उभारण्यासाठी या गावांनी शेती दिली. त्यांच्या नातवंडांना धावायला चार एकर मागणे, हे काही फार मोठे मागणे नाही.