थाळनेरचा धडा : तहानंतरचे युद्ध



युद्ध थांबवण्यासाठी मुत्सद्देगिरी किती उपयोगी पडते, असा प्रश्न आपण वृत्तपत्रे वाचताना अनेकदा करतो. त्याचे उत्तर आम्हांला खानदेशाच्या इतिहासात सापडते.

डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूर येथे होळकरांचा पराभव झाला. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोर येथे तह होऊन सातपुड्याच्या दक्षिणेकडील होळकरांचा मुलूख इंग्रजांकडे गेला. कागदोपत्री युद्ध संपले. परंतु २७ फेब्रुवारी रोजी जनरल हिस्लॉप यांची फौज तापीकाठच्या थाळनेर किल्ल्यापाशी आली, तेव्हा किल्लेदार तुळशीराम यांनी प्रतिकार केला. पुढे शरणागतीच्या वेळी दरवाज्यातच चकमक उडून इंग्रज अधिकारी मारले गेले. त्यावर किल्ल्यातील शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी देण्यात आली. पुढे १८१९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने हिस्लॉप यांचे आभार मानले, पण ही फाशी त्यातून वगळली. राजकीय दबावाची दखल घेतली गेली, मात्र मेलेल्यांना तिचा उपयोग नव्हता.

सातपुड्यातील व सातमाळ्यातील भिल्लांशी संघर्ष तर त्यानंतरही चालूच राहिला. मोहिमांमागून मोहिमा झाल्या, तरी शांतता आली नाही. अखेर १८२५ मध्ये सरकारने धोरण बदलले. भिल्लांसाठी स्वतंत्र एजंट नेमले, माफी दिली, जमीन व तगाई देऊन शेतीकडे वळवले. धरणगाव येथे लेफ्टनंट औट्रम यांनी भिल्ल पलटण उभारली. बंदुकीने जे साधले नाही, ते बऱ्याच अंशी भाकरीने आणि विश्वासाने साधले.

अर्थात, ही राज्यकर्त्यांच्या सोयीची शांतता होती. म्हणूनच १८५७-५८ मध्ये खाज्या नाईक यांच्या नेतृत्वाखाली भिल्ल पुन्हा उठले आणि अंबापाणीला रक्त सांडले.

याउलट, १९७८ च्या अखेरीस बीगल खाडीवरून अर्जेंटिना व चिली युद्धाच्या उंबरठ्यावर होते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी कार्डिनल सामोरे यांना पाठवले. सहा वर्षे वाटाघाटी चालल्या आणि १९८४ मध्ये व्हॅटिकनमध्ये तह झाला. मध्यस्थावर दोन्ही पक्षांचा विश्वास होता, हे त्यामागचे मोठे कारण.

तात्पर्य हे की, दबावामुळे पक्ष बोलणी करण्यास बसतात आणि मुत्सद्देगिरीने तह होतो. मात्र तो किल्ल्याच्या दरवाज्यापर्यंत आणि डोंगरातल्या झोपडीपर्यंत न्यायाच्या रूपाने पोहोचला, तरच टिकतो.