खटल्याच्या नावाखाली

२०२४च्या जुलैमध्ये फर्नांडिस या गिटार कंपनीनं कारभार गुंडाळला. आडनाव वाचून आपल्याकडे कोणालाही गोवा आठवेल, पण या कंपनीचा गोव्याशी काही संबंध नव्हता. १९६९ साली सुरू झालेली ही अस्सल जपानी कंपनी. तिच्या ‘बर्नी’ छापाच्या गिटारी म्हणजे गिब्सन या अमेरिकन कंपनीच्या लेस पॉल गिटारीची नक्कल होती, आणि ती इतकं मन लावून केलेली होती की ऐंशीच्या दशकात अनेक वादकांनी ती मुळापेक्षा जवळची मानली. पंचावन्न वर्षांचं एक घर बंद झालं आणि त्याची बातमी दोन-चार ओळींत संपली.

आज जुनी बर्नी किंवा ग्रेको, टोकाई अशी दुसरी जपानी नक्कल विकायला निघाली की जाहिरातीत एक शब्द हमखास असतो: ‘लॉसूट’. खटल्याच्या काळातली गिटार. या एका शब्दावर किंमत चढते, आणि घेणारा लाकूड न बघता पैसे मोजतो. त्या शब्दामागचा खटला २०२७ साली पन्नास वर्षांचा होईल. निदान त्या निमित्तानं तरी तो नेमका काय होता, हे सरळ सांगायला हवं.

२८ जून १९७७ रोजी गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन फिलाडेल्फियाच्या संघीय न्यायालयात गेली. दावा होता एल्गर या कंपनीवर. होशिनो गाक्की ही नागोयाची कंपनी ‘आयबानेझ’ नावानं ज्या गिटारी विकत होती, त्यांची अमेरिकेतली वितरक म्हणजे एल्गर. तक्रार होती हेडस्टॉकच्या आकाराबद्दल. खुंट्या बसवलेल्या त्या टोकाचा वरचा काठ गिब्सनवर उघडलेल्या पुस्तकासारखा दिसतो, तोच आकार आयबानेझनं उचलला होता. पण आयबानेझनं तो आकार १९७६मध्येच बदलायला घेतला होता. पुढे १९७८च्या सुरुवातीला प्रकरण न्यायालयाबाहेर मिटलं. निकाल लागलाच नाही. ग्रेको, टोकाई, बर्नी यांच्यावर तर या खटल्यात दावाच नव्हता. तरीही पृथ्वीवरची जवळजवळ प्रत्येक जुनी जपानी नक्कल आज ‘खटल्याची’ म्हणून विकली जाते. हा सरळसरळ खोटेपणा आहे.

त्याआधीच्या वर्षांवर फार रेंगाळण्यासारखं काही नाही. साठच्या दशकात जपानमध्ये गिटारींची लाट आली, कारखाने उगवले, त्यातले बरेच बुडाले. सत्तरच्या सुरुवातीच्या नकला लांबूनच बऱ्या दिसत. मूळ लेस पॉलची मान सरस लावून बॉडीच्या खाचेत कायमची बसवलेली असते. या नकलांची मान चार स्क्रूंनी जोडलेली असे. बॉडी बहुधा प्लायची. काही नकलांत तर वरचा फुगीर भाग म्हणजे दाबून वाकवलेला पातळ प्लाय असे आणि त्याच्याखाली पोकळी. बोटानं टकटक केलं की डबा वाजतो. त्या काळाची आठवण म्हणून एखादी घ्यावी, पण तिचे मेपल-महोगनीचे दाम मोजू नयेत.

खरी गोष्ट सुरू होते १९७५च्या आसपास, नागानो प्रांतातल्या मात्सुमोतो गावात.

काळ्या भिंतींच्या किल्ल्याचं, डोंगरांनी वेढलेलं, कोरड्या हवेचं हे गाव. लहान मुलांना व्हायोलिन शिकवण्याची पद्धत जगभर नेणारे शिनिची सुझुकी यांनी आपली शाळा इथेच काढली. इथेच १९६०मध्ये युइचिरो योकोउची आणि युताका मिमुरा यांनी फुजिगेन गाक्की हा कारखाना उभा केला. मात्सुमोकूही याच गावचा. तिथले सुतार आधी शिलाई मशीनच्या लाकडी पेट्या बनवत. आयबानेझ आणि ग्रेको ही दुकानदारांची नावं, पण त्यांच्या बहुतेक चांगल्या गिटारी या गावातल्या हातांनी घडवल्या. ग्रेकोचा मालक कांदा शोकाई हा टोकियोचा व्यापारी. आयबानेझ हे नाव तर साल्वादोर इबान्येझ या स्पॅनिश वाद्यकारावरून घेतलेलं. कॅटलॉगात लाकूड छापलं, किंमत छापली, कारागिराचं नाव मात्र छापलं नाही.

त्याच वेळी अमेरिकेत काय चाललं होतं? गिब्सनची प्रतिस्पर्धी फेंडर १९६५पासून सीबीएस या प्रसारण कंपनीच्या हातात होती. १९७१पासून तिच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीची मान चारऐवजी तीन बोल्टांवर आली, आणि नीट न बसलेले सांधे ही त्या काळाची ओळख होऊन बसली. गिब्सन १९६९पासून नॉर्लिनकडे. लेस पॉलच्या बॉडीत लाकडाचे थर सँडविचसारखे चिकटवायला सुरुवात झाली, एकसंध महोगनीच्या मानेऐवजी तीन तुकड्यांची मान आली. पन्नासच्या दशकातली मूळ वाद्यं ज्या कंपन्यांनी घडवली, त्यांनाच ती कशी घडवली याचा विसर पडत चालला होता. जपानी कारागीर मात्र जुन्या गिटारी उघडून, मोजून, पुन्हा बांधत होते. आठवण राखण्याचं हे काम त्यांनी दुसऱ्याच्या वतीनं केलं, आणि त्याबद्दल त्यांना ‘नकलाकार’ म्हणून हिणवलं गेलं.

अमेरिकन रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनच्या पहिल्या अल्बमवर वाजलेल्या वाद्यांत आयबानेझची ‘डिस्ट्रॉयर’ होती, म्हणजे गिब्सन एक्सप्लोररची नक्कल. पुढे त्यानं तिचा मोठा तुकडा करवतून काढला आणि मग तिचा आवाजच गेला म्हणून तो हळहळला. हिणवणाऱ्यांनी हा अल्बम एकदा नीट ऐकावा.

१९७८ ते १९८२ हा या कामाचा कळस. हामामात्सूच्या टोकाईनं ‘लेस पॉल रीबॉर्न’ आणली, तिचंच पुढे ‘लव्ह रॉक’ झालं. त्यांच्या ‘स्प्रिंगी साउंड’च्या हेडस्टॉकवर बारीक अक्षरांत स्वच्छ लिहिलेलं असे की ही जुन्या चांगल्या स्ट्रॅटची तंतोतंत प्रतिकृती आहे. इतक्या उघडपणे सांगितलेल्या नकलेला फसवणूक कसं म्हणायचं? ग्रेकोची ‘सुपर रिअल’ मालिका याच काळातली. तिच्या वरच्या मॉडेलांतले ‘ड्राय झी’ पिकअप, म्हणजे तारांचं कंपन टिपणारे भाग, आज गिटारीपासून काढून वेगळे विकले जातात. वाद्याची ही चिरफाड पाहवत नाही.

आणि या काळाचा प्रामाणिकपणा मॉडेलच्या क्रमांकातच आहे. ग्रेको ईजी-५०० म्हणजे पन्नास हजार येन, ईजी-८०० म्हणजे ऐंशी हजार. टोकाई एलएस-५० म्हणजे पन्नास हजार, एलएस-१२० म्हणजे एक लाख वीस हजार. बर्नीच्या आरएलजी-९०चंही तेच. दुकानात शिरणाऱ्या पोराला वाद्याच्या नावातच त्याची पायरी कळे. त्यामुळे आज ‘ग्रेको लॉसूट’ म्हणून कोणी काही विकत असेल, तर पहिला प्रश्न मॉडेल क्रमांकाचा. पन्नास हजारांची आणि एक लाख वीस हजारांची गिटार एकाच कारखान्यात, एकाच महिन्यात बनली असेल. पण लाकूड, पिकअप, फ्रेटच्या कडांवरची सफाई, सगळंच वेगळं. दोघींना एका शब्दाखाली कोंबणं हा घेणाऱ्यावर अन्याय आहे आणि करणाऱ्यावरही.

दुसरा प्रश्न अनुक्रमांकाचा. १९७५च्या सुमारास आयबानेझ आणि ग्रेकोवर एक सोपी पद्धत सुरू झाली: आधी एक इंग्रजी अक्षर, मग वर्षाचे दोन आकडे. ‘ए’ म्हणजे जानेवारी, ‘एल’ म्हणजे डिसेंबर. ‘एच७९’ असेल तर ऑगस्ट १९७९. त्याआधीच्या आयबानेझवर क्रमांकच नसतो, म्हणून क्रमांक नाही एवढ्यानं गिटार खोटी ठरत नाही. ‘मेड इन जपान’ची मोहोर नाही म्हणूनही घाबरू नये, जपानातच विकायला बनवलेल्या गिटारींवर ती बऱ्याचदा नसे.

खोटी ठरते ती दुसऱ्याच कारणानं. चांगल्या ग्रेकोचं वा टोकाईचं नाव खरवडून तिथे ‘गिब्सन’ चिकटवणारे लोक पूर्वी होते, आजही आहेत. एका उत्तम वाद्याची ओळख पुसून त्याला खोटं करून टाकायचं, यापेक्षा वाईट वागणूक त्याला देता येणार नाही. अशा वेळी आत बघावं. पिकअप उचलून त्याचा तळ पाहावा. जपानी पिकअपांवर ‘मॅक्सन’सारखी छाप सापडते. कंट्रोलचं झाकण काढून व्हॉल्यूमची पॉट पाहावीत, कारण जपानी पॉट बहुधा आकारानं लहान. ब्रिजचे खांब मिलिमीटरच्या मापाचे, त्यामुळे अमेरिकन सुटे भाग अनेकदा सरळ बसत नाहीत. पिकअपच्या खाचेच्या कडेवर प्लायचे थर दिसतात का, मानेचं लाकूड खाचेत कुठवर पोचलंय, हे सगळं तिथेच कळतं.

मग आलं १९८२. स्वस्त आणि सरस नकलांनी हैराण झालेल्या फेंडरनं कांदा शोकाई आणि यामानो गाक्कीबरोबर भागीदारी करून ‘फेंडर जपान’ काढली. काम गेलं मात्सुमोतोच्या फुजिगेनकडे. पहिले नमुने अमेरिकेत पोचले तेव्हा ते पाहून आपल्या माणसांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं, असं फेंडरचे डॅन स्मिथ यांनी पुढे सांगितलं; जे त्यांना जमत नव्हतं ते इथे तयार होऊन आलं होतं. ‘जेव्ही’ अक्षरांनी सुरू होणारे अनुक्रमांक त्या पहिल्या काळाचे, १९८२ ते १९८४चे. फेंडरच्याच स्क्वायर नावाखालच्या जेव्हीही त्याच हातच्या. एसटी५७-११५, -८५, -६५ या नावांत किंमत पुन्हा उघडी.

उतार लागला तो लाकडापायी नाही, चलनापायी. डॉलर स्वस्त करणाऱ्या सप्टेंबर १९८५च्या प्लाझा करारापूर्वी एका डॉलरला सुमारे २४० येन मिळत. दोनेक वर्षांत ते १५०च्या खाली आले. निर्यातीचं गणित कोसळलं, काम कोरियाकडे सरकलं. मात्सुमोकू १९८७मध्ये बंद पडलं. १९८८ ते १९९८ या काळात यामानोनं ‘ऑरव्हिल’ विकली. गिब्सनच्याच परवान्याची ती जपानी लेस पॉल. उत्तम गिटार, पण परवानगीनं केलेल्या कामात ती जुनी ईर्षा उरली नव्हती.

या सगळ्यात एक धागा आपल्या सह्याद्रीपर्यंत येतो. या गिटारींपैकी कित्येकींचा फ्रेटबोर्ड भारतीय शिसवीचा, म्हणजे आपल्या घाटांतल्या जंगलातही वाढणाऱ्या झाडाचा. चाळीस वर्षं बोटांचं तेल प्यायलेली शिसवी काळपट, गुळगुळीत होते. शिसवीच्या कुळातल्या सगळ्या झाडांवर २०१७मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले तेव्हा अशा जुन्या गिटारींची ये-जाही कागदपत्रांत अडकली. तयार वाद्यांना सूट मिळाली ती २०१९च्या नोव्हेंबरमध्ये. ब्राझिलियन शिसवी मात्र अजून कडक यादीत आहे, म्हणून विक्रेत्यानं तो शब्द हौसेनं लिहिला असेल तर सीमाशुल्क खात्यासमोर तोच अंगाशी येऊ शकतो. मुंबई-पुण्यातल्या ज्यांनी जपानहून टोकाई एलएस-८० मागवायचं ठरवलंय, त्यांनी सीमाशुल्क आणि जीएसटी आधीच हिशेबात धरावा. आणि पैसे पाठवण्यापूर्वी दोन फोटो मागावेत: पुढच्या पिकअपखालच्या खाचेचा, आणि कंट्रोलच्या झाकणाआडचा. चांगला विक्रेता स्क्रू-ड्रायव्हर उचलतो आणि पाठवतो. दुसरा परत ‘लॉसूट’ लिहितो.